कपाटातली ऊब

“कपडे गरम लागतात म्हणजे? उन्हात वाळत घातलेले का?” गिरीबुवांनी विचारलं.

“नाही. बंद कपाटातले.”

“इस्त्रीचे असतील.”

“मी गंमत करायला आलेली नाही,” हेमलताबाई म्हणाल्या. “कुणीतरी आत्ताच अंगातून काढून ठेवावेत, तसे गरम. कॉलरीला जास्त. काखेत जास्त. बाहीच्या टोकाला कमी. पस्तीस वर्षं गणित शिकवलंय मी. उगाच काहीतरी वाटून घेणाऱ्यातली नाही.”

बुवा चिंचा फोडत बसले होते. दगडावर चिंच ठेवायची, एक ठोका द्यायचा, टरफल डावीकडे, गर उजवीकडे. त्यांनी एक चिंच फोडली. मग दुसरी.

“ज्याचे कपडे, तो कुठं आहे?”

“तो नाही.”

“कुठं नाही?”

हेमलताबाईंना प्रश्नाचा राग आला.

“मुलगा होता माझा,” त्या म्हणाल्या. “गेला.”

बुवांनी हातातला दगड खाली ठेवला...

चैत्राचं ऊन होतं. माळावर एवढी एकच सावली, मठाच्या दारातल्या कडुनिंबाची. मठ म्हणजे तरी काय, जुन्या गोसाव्याची एक समाधी, तिच्यापुढं दगडी ओवरी आणि कोपऱ्यात धुनी. बुवांच्या अंगावर एक भगवी लुंगी होती. खांदे उघडेच. कपाळावर, छातीवर घाम चमकत होता.

समोर बसलेल्या हेमलताबाईंच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता. त्यावर शाल. पायांत मोजे. कान रुमालानं बांधलेले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर घामाचा एक थेंब नव्हता.

शेजारी एक मोठी बॅग होती. फुगलेली, चेन ताणून बसवलेली.

“तू काय विचारायला आलीस?” बुवा म्हणाले.

“मला सगळे अहो-जाहो करतात.”

“बरं. तुम्ही काय विचारायला आलात?”

हेमलताबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “तो त्यांत आहे का, एवढंच सांगा. हो किंवा नाही.”

बुवांनी बॅगेकडं पाहिलं, मग बाहेर पाहिलं. कडुनिंबाखाली हेमलताबाईंची मुलगी स्वरदा बसली होती. तिच्या मांडीवर तीन महिन्यांची मुलगी झोपली होती. स्वरदा ओवरीकडं पाठ करून बसली होती.

ती आईशी दोन दिवस कामापुरतंच बोलली होती.

*

हेमलता सबनीस मिरजेच्या. नवरा लवकर गेला. नोकरी करून त्यांनी दोन्ही मुलं एकटीनं वाढवली. बाई व्यवहाराच्या पक्क्या. नवऱ्याचे कपडे त्यांनी तेराव्याच्या आतच वाटून टाकले होते. नातेवाईक कुजबुजले, तेव्हा म्हणाल्या होत्या, “कापड ठेवून माणूस परत येतो का?”

मग निशांत गेला.

हिमाचलात मित्रांबरोबर एक खिंड चढायला गेला होता. परतताना बर्फाचं वादळ आलं. बाकीचे कसेबसे खाली उतरले, हा मागं राहिला. सापडला तेव्हा एका खडकाला टेकून बसला होता. दोन्ही हात काखेत घातलेले. जणू कुणाची तरी वाट बघत जरा विसावलाय.

निघायच्या आदल्या दिवशी हेमलताबाईंनी त्याला स्वेटर विणून पुरा केला होता. शेवाळी रंगाचा, जाड लोकरीचा. बाह्या मुद्दाम लांब ठेवल्या होत्या, कारण बाह्या ओढून बोटं झाकायची त्याला लहानपणापासून सवय.

“आई, बॅगेत जागा नाही गं,” तो म्हणाला होता. “आणि जॅकेट आहे की माझ्याकडे.”

स्वेटर पलंगावरच राहिला.

त्याला घरी आणलं तेव्हा हेमलताबाई त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याचे हात चोळायला लागल्या. रडल्या नाहीत. नुसते चोळत राहिल्या. लोक खोळंबले होते. शेवटी त्यांच्या भावानं त्यांचे खांदे धरून त्यांना उठवलं. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, “गरम होत नाहीयेत रे.”

निशांतचं कपाट त्यांनी तसंच ठेवलं. शर्ट, जीन्स, कॉलेजच्या संघाची जर्सी, विटलेला बर्म्युडा, मोजे. सगळ्यात वर तो स्वेटर.

त्याच थंडीत एका संध्याकाळी कपाट आवरताना त्यांचा हात स्वेटरवर पडला...

गरम होता.

त्यांनी दुसरा हात लावला. मग गाल. मग दारात उभं राहून सगळा चेहरा त्यात खुपसला. छातीशी ऊब होती, पाठीशी होती. बाहीच्या टोकाशी बोटांएवढी जागा मात्र गार होती. दुसऱ्या दिवशी तीही गरम झाली.

त्या दिवशी त्या पहिल्यांदा रडल्या. आनंदानं. पोचला, त्यांना वाटलं. उशिरा का होईना, त्याच्यापर्यंत स्वेटर पोचला.

मग रोज संध्याकाळी कपाट उघडायचं, प्रत्येक कपड्यावरून हात फिरवायचा, आणि दार लावून घ्यायचं. हळूहळू सगळेच कपडे उबदार झाले.

पुढच्या वर्षी त्यांच्या पायांची बोटं गार पडायला लागली. मग तळहात. मग उन्हाळ्यातही शाल लागायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं. सगळं ठीक.

“वय झालं,” त्या म्हणायच्या.

त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

*

स्वरदा बाळंतपणाला माहेरी आली आणि तिनं ते कपाट पाहिलं.

“आई, बाळाचं सामान कुठं ठेवायचं? हे एक कपाट तरी रिकामं करूया ना.”

“दुसरीकडं ठेव.”

“चार वर्षं झाली, आई.”

“मी मोजतेय का?”

बाळ झालं. मुलगी. घरभर दुपटी, लंगोट, झबली पसरली. एक दिवस हेमलताबाई बँकेत गेलेल्या असताना दारावर बोहारीण आली. स्वरदानं मन घट्ट केलं आणि कपाटातलं सगळं काढून तिच्यापुढं ठेवलं. कपडे हातात घेताना तिला शहारा आला. पण बाळंतपणाचं अंग होतं, तिनं मनावर घेतलं नाही. बदल्यात एक स्टीलचा डबा घेतला.

हेमलताबाई परत आल्या. उघडं कपाट पाहिलं. तो डबा उचलला आणि चपला न घालता रस्त्यावर धावल्या.

बोहारीण त्यांना मंडईच्या कोपऱ्यावर सापडली. गाठोडं डोक्यावरून उतरवून ती एका पायरीवर बसली होती. दोन्ही हातांनी डोकं चेपत होती.

“ते कपडे परत द्या,” हेमलताबाई म्हणाल्या. “हा डबा घ्या. वर पैसे पाहिजेत तर सांगा.”

बोहारणीनं हुज्जत घातली नाही. गाठोडं पायानंच त्यांच्याकडं सरकवलं.

“न्या बाई, न्या. मीच माघारी आणून देनार हुते. बर्फाची लादी ठेवल्यागत झालंय टाळूला. काय बांधलंय ह्यात?”

“गरम आहेत ते,” हेमलताबाई म्हणाल्या.

बोहारणीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांच्या अनवाणी पायांकडं. रस्त्याचं डांबर उन्हानं पाघळलं होतं. त्यांचे पाय भाजत नव्हते.

ती डबा न घेताच उठून गेली.

*

त्यानंतर घरात वाद झाला, मग अबोला. कपडे कपाटात परत गेले. तेही निभलं असतं. पण परवा एक गोष्ट घडली.

दुपारी स्वरदाचा डोळा लागला होता. बाळ पाळण्यात कुरकुरायला लागलं. आजीनं उचललं की ते नेहमी किंचाळायचं. त्यांचे हात लागले की अंग चोरायचं. हेमलताबाईंना हे ठाऊक होतं आणि ते त्यांना लागायचंही. म्हणून त्यांनी त्या दिवशी हातानं उचललं नाही. कपाटातला स्वेटर काढला. कढत होता. त्यात बाळाला छान गुंडाळलं, बाह्या वरून बांधल्या आणि मांडीवर घेतलं.

बाळ लगेच गप्प झालं.

हेमलताबाईंना इतकं बरं वाटलं. मामाच्या कुशीत झोपली बघा, असं त्या मनाशी म्हणाल्या.

स्वरदाला जाग आली ती घरातल्या शांततेनं. ती बाहेर आली. आई खुर्चीत डुलत होती, अंगाई गुणगुणत होती. मांडीवर शेवाळी गुंडाळी. त्यातून दिसणारा चेहरा मेणासारखा होता. ओठ जांभळे. डोळे उघडे. बाळ रडत नव्हतं, हलत नव्हतं, नुसतं वर बघत होतं.

स्वरदानं स्वेटर ओरबाडून काढला. बाळाला छातीशी, नुसत्या कातडीला लावून धरलं आणि तशीच रिक्षात बसली. दवाखान्यात बाळाला दिव्याखाली ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, “याला कुठं ठेवलं होतं? फ्रीजजवळ?”

बाळ वाचलं.

घरी आल्यावर स्वरदा एकच वाक्य बोलली. “आई, या घरात एकतर ते कपडे राहतील, नाहीतर आम्ही.”

“पंखा चालू होता,” हेमलताबाई म्हणाल्या. “पंख्यामुळं झालं ते.”

स्वरदाच्या सासरचं गाव या माळाच्या पायथ्याशी होतं. गिरीबुवांचं नाव तिनं सासूकडून ऐकलं होतं. तिनं कपाटातलं सगळं बॅगेत भरलं. गाडी ठरवली. आईला म्हणाली, “तुझा यावर विश्वास नाही, माहीत आहे. माझाही नाही. पण चल.”

हेमलताबाई आल्या. बॅग हातातून सुटू नये म्हणून आल्या.

*

“हो किंवा नाही?” त्यांनी बुवांना पुन्हा विचारलं.

“उघडा बॅग.”

चेन उघडली. सगळ्यात वर तो स्वेटर होता. बुवांनी हात पुढं केला, पण लावला नाही. तळहात वर धरला, धुनीवर धरावा तसा.

“तुम्हाला हा गरम लागतो?”

“खूप.”

“आणि टाकून का देत नाही?”

हेमलताबाईंचा आवाज पहिल्यांदा कापला.

“त्याला थंडी वाजेल,” त्या म्हणाल्या.

बुवा बराच वेळ त्यांच्याकडं पाहत राहिले. माळावर कुठंतरी मेंढ्या ओरडत होत्या.

मग त्यांनी स्वेटर उचलला आणि डोक्यातून अंगात घातला.

“अहो!” हेमलताबाई ओरडल्या. “काढा तो! तुमच्यासाठी नाहीये तो! काढा आधी!”

बुवांनी दुसरी बाही चढवली. बाह्या लांब होत्या. बोटं झाकली गेली. ते भिंतीला टेकून बसले.

सुरुवातीला काही झालं नाही.

मग त्यांच्या कपाळावरचा घाम दिसेनासा झाला. कुणी पुसला नव्हता. चेहऱ्यावरची तांबूस झाक उतरत गेली, आणि धुनीतल्या राखेसारखा रंग वर आला. ओठ निळसर झाले. त्यांनी श्वास सोडला...

तो दिसला. चैत्राच्या भर दुपारी, त्या तापलेल्या ओवरीत, म्हाताऱ्याच्या तोंडातून पांढरी वाफ बाहेर आली आणि हवेत थोडी रेंगाळली.

हेमलताबाई जागच्या जागी थिजल्या.

बुवांचे डोळे उघडे होते, पण त्यांच्याकडं बघत नव्हते. कुठंतरी लांब, उंचावर बघत होते. त्यांचे हात हळूहळू वर आले, छातीवर आडवे झाले आणि काखेत गेले.

हे हेमलताबाईंनी इथं कुणाला सांगितलं नव्हतं. तो कसा सापडला, ते त्यांनी या माणसाला सांगितलंच नव्हतं.

“निशांत?” त्या म्हणाल्या.

“निशू... तू आहेस का?”

धुनीतलं लाकूड तडकलं. त्यानंतर कसलाच आवाज नाही. मेंढ्याही गप्प झाल्या होत्या.

आणि मग, अगदी हळू, दातांवर दात आपटत असल्यासारखा तुटका आवाज आला.

“थंडी... वाजते...”

हेमलताबाई पुढं झेपावल्या. त्यांनी आपली शाल काढून बुवांभोवती गुंडाळली. आपला स्वेटर काढून वर टाकला. कानाचा रुमाल सोडून त्यांच्या गळ्याला बांधला. कोपऱ्यात बुवांची घोंगडी होती, तीही ओढून आणली.

“थांब हं. थांब राजा. मी आहे. आत्ता ऊब येईल, आत्ता.”

त्यांनी काखेतून ते हात ओढून काढले. बाह्या मागं सारल्या आणि चोळायला लागल्या. एक हात, मग दुसरा. बोटं, तळवे, मनगटं. आता त्यांना वाट्टेल तेवढं चोळायची मुभा होती. कुणी येऊन उठवणार नव्हतं.

हात गरम होईनात.

वाफ आता पातळ झाली होती. दोन श्वासांच्या मधलं अंतर वाढत चाललं होतं.

“आई! काय करतेस?”

आवाज ऐकून स्वरदा धावत आली होती. बाळ तिच्या खांद्यावर होतं. तिनं घोंगडीत गुरफटलेल्या बुवांचा चेहरा पाहिला. हा चेहरा, हा रंग तिनं परवाच पाहिला होता.

“आई, वरून काय घालतेस? आतला काढ! तो आतला काढ!”

“त्याला थंडी वाजतेय!”

“हे बुवा आहेत, आई! मरतील ते!”

“तू गप्प बस! चार वर्षांनी बोललाय तो! चार वर्षांनी!”

बाळ दचकून रडायला लागलं.

हेमलताबाई हात चोळत राहिल्या. जोरानं, आणखी जोरानं. चोळता चोळता बुवांचं एक बोट त्यांच्या मुठीत वाकलं. निर्जीव वाकतं तसं नाही. त्यानं त्यांचा अंगठा धरला. क्षीणपणे धरला, पण धरला.

त्या थांबल्या.

त्यांनी त्या हाताकडं पाहिलं. म्हाताऱ्याचा हात. शिरा वर आलेल्या, नखांत चिंचेचा चिकटा, अंगठ्यावर दगडाचा जुना घट्टा.

त्या दिवशीचे हात वाकत नव्हते. त्यांनी कितीही चोळले तरी एकही बोट वाकलं नव्हतं.

हे वाकत होतं.

हेमलताबाई गुडघ्यावर उठल्या. घोंगडी फेकली. आपली शाल, आपला स्वेटर बाजूला केला. बुवांना हात वर करता येत नव्हते. त्यांनी एका बाहीतून हात सोडवला, मग दुसऱ्या. शाळेतून भिजून आलेल्या पोराचे सोडवावेत तसे. मग दोन्ही हातांनी तो शेवाळी स्वेटर वर ओढला. तो ताणला गेला. जणू आतून कुणी धरून ठेवलाय.

“सोड,” त्या म्हणाल्या.

त्या कुणाला म्हणाल्या, ते स्वरदाला कळलं नाही.

“सोड रे बाळा. सोड आता...”

स्वेटर निघाला.

तो हातात आल्याबरोबर त्यांनी किंकाळी फोडली आणि तो फरशीवर टाकून दिला. आपले तळहात त्यांनी डोळ्यांसमोर धरले. ते लाल झाले होते.

“गार आहे,” त्या म्हणाल्या. “केवढा गार आहे हा...”

मग त्या मोठ्यानं रडल्या. आनंदाचं नव्हतं ते. त्या दिवशी, लोक खोळंबले होते तेव्हा जे रडणं राहून गेलं होतं, ते होतं.

स्वरदा त्यांच्याजवळ बसली. बऱ्याच वेळानं तिनं आईचा दंड धरला आणि चमकून पाहिलं. दंड ओला होता. आईला घाम आला होता.

*

बुवांना सावरायला वेळ लागला. स्वरदानं त्यांना धुनीजवळ सरकवलं, पाणी कोमट करून पाजलं. चेहऱ्याला रंग आल्यावर त्यांनी जवळची एक चिंच उचलली. ठोका दगडावरच बसला.

“मी फोडते,” हेमलताबाई म्हणाल्या.

त्यांनी फोडल्या. टरफल डावीकडं, गर उजवीकडं.

टोपलीतल्या संपल्यावर बुवांनी बॅगेकडं बोट दाखवलं, मग बाहेरच्या तारेकडं. कुंपणाची तार होती ती, खांबाखांबांना ताणलेली. माळावरून मेंढपाळांचा येण्याजाण्याचा रस्ता तिला लागूनच जात होता.

हेमलताबाई उठल्या. स्वरदा मदतीला निघाली तेव्हा म्हणाल्या, “राहू दे. मी करते.”

एकेक कपडा त्यांनी स्वतः झटकला आणि तारेवर टाकला. निळा चौकड्यांचा शर्ट. इंटरव्ह्यूसाठी घेतलेला पांढरा. जर्सी. जीन्स. प्रत्येक कपडा हाताला बोचेल इतका गार होता. तरी त्यांनी घाई केली नाही. स्वेटर सर्वांत शेवटी टाकला.

वारा अजिबात नव्हता. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं.

तरी तारेवरचे सगळे कपडे एकदम फुगले. छाती भरली, बाह्यांना दंडांची गोलाई आली, जीन्सचे गुडघे वाकले. एका रांगेत, एकाच मापाचे, डोकं नसलेले सात-आठ निशांत माळाकडं तोंड करून उभे राहिले.

स्वरदानं बाळाचं तोंड पदराआड घेतलं.

हेमलताबाई तारेच्या अलीकडं उभ्या राहिल्या. पुढं गेल्या नाहीत. हात लावला नाही.

क्षणभरानं कपडे खाली लोंबले. कपडे लोंबतात तसेच.

ऊन उतरायला लागलं तेव्हा एक मेंढपाळ आला. तारेशी थांबला, इकडंतिकडं पाहिलं.

“घेऊ का वो?” त्यानं लांबूनच हाळी दिली.

हेमलताबाईंनी मान हलवली.

त्यानं चौकड्यांचा शर्ट घेतला. स्वेटर घेऊन अंगाला लावून पाहिला, बाह्या मोठ्या म्हणून हसला. त्या दोन पावलं पुढं गेल्या.

“गार लागतो का?” त्यांनी विचारलं.

“गार?” तो म्हणाला. “न्हाई की. दिसभर उनात हाय न्हवं? चांगला ऊन लागतोय.”

स्वेटर खांद्यावर टाकून तो मेंढ्यांमागं निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत हेमलताबाई तिथंच उभ्या राहिल्या.

*

गाडीवाला हॉर्न वाजवत होता. स्वरदा बाळाला आईच्या हातात देऊन पुढं गेली. हे तिनं ठरवून केलं की नकळत, कुणास ठाऊक. हेमलताबाई बाळाला अंगापासून लांब, अवघडून धरून उभ्या राहिल्या. बाळानं त्यांच्याकडं पाहिलं. तोंड वाकडं केलं. मग रडायचं विसरून त्यांच्या चष्म्याला हात घातला.

त्या तशाच ओवरीच्या पायरीशी आल्या. बुवा धुनीजवळ घोंगडीवर आडवे झाले होते.

“बुवा, निघते.”

“बरं.”

त्या निघाल्या नाहीत.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. आवाजात मघाचा ताठा नव्हता. “मी आले तेव्हा जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.”

बुवांनी डोळे मिटले.

“आता द्यायची गरजही नाही,” हेमलताबाई म्हणाल्या. “मी स्वतः ऐकलं. तुमच्या तोंडून तोच बोलला ना? थंडी वाजते म्हणाला. आवाज चिरका होता, पण मी ओळखला. आई आहे मी.”

धुनीतून थोडा धूर वर गेला...

“माझे ओठ हलत नव्हते, बाई,” बुवा म्हणाले.

“म्हणजे तुम्ही बोलला नव्हतात. तोच होता.”

बुवा कुशीवर वळले. उठून बसले.

“मीही ऐकला तो आवाज,” ते म्हणाले. “पण तो माझ्या समोरून आला. बाईमाणसाचा होता.”